तेल कोणी ठेवले होते

"आपल्याच इमारतीतील एक ज्येष्ठ भगिनी कढईत तेल तापत ठेवून देवळात गेल्या व वयोमानानुसार त्यांना त्याचा विसर पडला. परत आल्यावर पेटलेले तेल पाहून घाबरून त्यांनी त्यावर पाणी ओतले व स्वतःचा हात भाजून घेतला. सबब, ज्येष्ठांना घरात एकट्याने स्वयंपाक करू देऊ नये."

हा मजकूर आमच्या सोसायटीच्या दोन्ही लिफ्टमध्ये, आरशाशेजारी, प्लास्टिकच्या पाकिटात घालून लावलेला आहे. वर ठळक अक्षरांत 'स्वयंपाकघरातील आग कशी टाळावी' असे शीर्षक आहे, त्याखाली नऊ सूचना आहेत आणि शेवटी हा परिच्छेद आहे. मी सातव्या मजल्यावर राहतो. गुडघ्यांमुळे जिना मला वर्ज्य आहे. त्यामुळे दिवसातून चार वेळा तरी तो परिच्छेद माझ्यासमोर उभा राहतो आणि सात मजले माझ्याबरोबर प्रवास करतो.

ती ज्येष्ठ भगिनी म्हणजे माझी पत्नी. ती आता हयात नाही. तिच्या वतीने बोलणारा दुसरा कोणी नसल्यामुळे हे काम मला करावे लागत आहे.

या परिच्छेदातले एवढेच खरे की ती देवळात गेली होती आणि तिचा हात भाजला. बाकी सर्व खोटे आहे. तेल मी ठेवले. विसरलो मी. पाणीही मीच ओतले. हे मी सोसायटीच्या सचिवांना सांगितले, माझ्या मुलाला सांगितले, मुलाने ज्या डॉक्टरीणबाईंकडे मला नेले त्यांनाही सांगितले. एकानेही विश्वास ठेवला नाही. माणसाने आपला अपराध उभ्या उभ्या कबूल करावा आणि ऐकणाऱ्याने त्याच्या पाठीवर हात ठेवून "थोडं पाणी घेता का?" म्हणून विचारावे, हा अनुभव मी या वयात घेत आहे. म्हणून आता लिहितो. लिहिलेल्याच्या पाठीवर कोणाला हात ठेवता येत नाही.

मी कोण, हे सांगणे भाग आहे, कारण सारा घोटाळा त्यातूनच झाला. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रसायनांच्या कारखान्यात मी एकतीस वर्षे सुरक्षा विभागात होतो आणि शेवटची अकरा वर्षे त्या विभागाचा प्रमुख होतो. आग लागू नये आणि लागलीच तर पसरू नये, यासाठी मला पगार मिळत असे. नव्याने भरती झालेल्या कामगारांना पहिल्या दिवशी मी एका लोखंडी तसराळ्यात तेल पेटवून दाखवी. मग लांब दांड्याच्या वाडग्याने त्यात पाणी टाकून तो भडका दाखवी. पोरे मागे सरकत. मी सरकत नसे. "तेलाच्या आगीवर पाणी टाकणारा माणूस आग विझवत नसतो, तो ती भिंतीवर चढवत असतो," हे वाक्य मी किती वेळा उच्चारले असेल, ते मोजलेले नाही. सीवूड्सला राहायला आल्यावर सोसायटीने साहजिकच मला आगीच्या कवायतीचे काम दिले. लिफ्टमधल्या त्या नऊ सूचनाही मूळ माझ्याच आहेत. शेवटचा परिच्छेद तेवढा सचिवांनी नंतर जोडला.

'माझ्याच' हा शब्दही दुरुस्त केला पाहिजे. मी इतरांच्या विधानांची चिरफाड करतो, तर माझे विधान सोडून चालणार नाही. कारखान्यातल्या आगीचे मला कळत होते. स्वयंपाकघरातल्या आगीचे मला काही कळत नव्हते, कारण लग्नानंतरच्या सत्तेचाळीस वर्षांत मी चहासुद्धा केला नव्हता. सूचना लिहायला बसलो तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकली, ती काय करते ते पाहिले आणि ते माझ्या भाषेत उतरवले. कढई निम्म्याच्या वर भरू नये. ओला झारा तेलात घालू नये. शेगडीच्या वरच्या खुंटीला फडके टांगू नये. तळण चालू असताना कढईला पुरेल एवढी परात हाताशी ठेवावी, म्हणजे तेलाने पेट घेतला तर वरून झाकता येईल. स्वयंपाक आटोपला की शेगडीचे बटण बंद करावेच, वर पाइपचा कॉकही फिरवावा. हे सर्व तिचे. खाली सही माझी. वाचून दाखवले तेव्हा ती हसून म्हणाली, "तुमच्या तोंडून ऐकलं की मलासुद्धा भीती वाटते बाई."

या सवयी तिला आल्या त्या माहेरी पाहिलेल्या एका प्रसंगातून. ती देशावरची, सातारा भागातली. दहा-अकरा वर्षांची असताना तिच्या काकूच्या पदराने रॉकेलच्या स्टोव्हवर पेट घेतला. काकू वाचली, पण पुढे आयुष्यभर मान डावीकडे वळवू शकली नाही. त्याबद्दल ती फारसे बोलत नसे. मात्र स्वयंपाकघरात तिने कधी नायलॉनची साडी नेसली नाही आणि पदर खोचल्याशिवाय काडी ओढली नाही.

तिची एक सवय मी सूचनांत घेतली नाही, कारण ती लिहिणे मला हास्यास्पद वाटले. कढईत तेल चढवले की ती झारा हातातून खाली ठेवत नसे. फोन आला, झारा हातात. दाराची बेल वाजली, झारा हातात. देवघरात दिवा सरळ करायला गेली तरी डाव्या हातात झारा. त्यामागचा विचार साधा होता: हातात झारा आहे, म्हणजे मागे तेल आहे. पार्सल घेऊन येणारी माणसे दचकत. एकदा वर्गणीसाठी आलेले आमचे सचिवच दोन पावले मागे सरले आणि म्हणाले, "आजी, पैसे नकोत, पण मारू नका." त्यावर ती म्हणाली, "तुम्हाला नाही हो, माझ्या डोक्याला आहे तो." तेव्हा ती आणि सचिव दोघेही हसले होते.

हा पुरावा मी सचिवांपुढे ठेवला. तुम्ही स्वतः पाहिले आहे, ही बाई तेल ठेवून दारापर्यंत जातानासुद्धा झारा सोडत नव्हती, ती सात मजले उतरून देवळात कशी जाईल? सचिव चाळिशीचे आहेत, एका बँकेत नोकरी करतात आणि मला काका म्हणतात. वाईट माणूस नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "काका, तेच तर. एवढी जपणारी बाई विसरली, म्हणजे वयच ना? तुम्ही टेन्शन घेऊ नका." माझा पुरावा त्यांनी माझ्यावरच उलटवला. मात्र उलटवला म्हणून पुरावा खोटा ठरत नाही.

आता त्या दिवशी काय घडले ते सांगतो.

पावसाळ्यातली सकाळ होती, साडेदहाचा सुमार. ती तबक घेऊन देवळात गेली. देऊळ आमच्याच सेक्टरमध्ये, उद्यानाच्या कडेला आहे. जाऊन यायला अर्धा-पाऊण तास लागतो. घरात मी एकटा. मला कुरडया खायच्या होत्या. उन्हाळ्यात तिने केलेल्या कुरडया डब्यात होत्या. मी कढई शोधली, शेगडीवर ठेवली, काठाखाली दोन बोटे राहीपर्यंत तेल ओतले, आणि बटण पुरते उघडून जाळ मोठा केला, कारण लवकर तापावे असे मला वाटले. झारा कुठे असतो ते मला ठाऊक नव्हते. परात कुठे असते तेही नाही.

तेवढ्यात इंटरकॉम वाजला. तो दिवाणखान्यात, मुख्य दाराजवळ आहे. फोनवर सचिवच होते. आदल्या दिवशी मी त्यांना एक तक्रारअर्ज दिला होता: जिन्यात लोकांनी चपलांची कपाटे ठेवली आहेत, आगीच्या वेळी बाहेर पडण्याची वाट त्यामुळे अडते, ती आठ दिवसांत हटवावीत. सचिवांचे म्हणणे असे की लोक ऐकत नाहीत. मी त्यांना आग या विषयावर समजावू लागलो. धूर आधी वर जातो की खाली, माणूस अंधारात कोणत्या हाताने भिंत चाचपतो, किती वेळात जिना धुराने भरतो, सर्व सांगितले. मी चांगले बोलतो. बोलू लागलो की मला थांबवणे अवघड जाते. किती वेळ बोललो ते मला सांगता येणार नाही. सचिव म्हणतात, वीस मिनिटे तरी.

याच संभाषणाच्या आधारे ते आज मला खोटे ठरवतात. "काका, तुम्ही तर माझ्याशी फोनवर भांडत होतात. तुम्ही किचनमध्ये कसे असाल?" मी त्यांना सांगतो की मी किचनमध्ये नव्हतो, म्हणूनच तर आग लागली. ते मान हलवतात. वृद्ध माणूस तर्क सोडून बोलतो आहे, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर येतो आणि मला तो भाव सहन होत नाही.

मला आधी वास आला, मग धूर दिसला. मी धावलो. कढईतून हातभर ज्वाळा उठत होत्या. इंटरकॉमपासून स्वयंपाकघरापर्यंतच्या पॅसेजमध्ये, उजव्या भिंतीवर, मी स्वतः बसवून घेतलेले अग्निशामक नळकांडे होते. दर वर्षी मी त्याचा दाब तपासत असे. मी त्याच्यावरून खांदा घासत पुढे गेलो आणि मला ते दिसले नाही. ओट्यावर पाण्याने भरलेले पातेले होते. ते मी दोन्ही हातांनी उचलले आणि कढईत रिकामे केले.

पुढचे वर्णन मी करणार नाही. तसराळ्यातला भडका मी आयुष्यभर इतरांना दाखवला होता. तो छताला टेकला, वरची प्लायवुडची कपाटे पेटली, पंख्याची पाती वितळून गळू लागली आणि मी जागच्या जागी उभा राहिलो. त्याच वेळी ती आत आली. दार तिने आपल्या किल्लीने उघडले असणार. तबक कुठे टाकले ते कळले नाही. ओट्याखालच्या फटीतून तिने परात ओढली, आगीच्या आत हात घालून ती कढईवर पालथी घातली, दुसऱ्या हाताने बटण फिरवले, मग कॉक. नंतर माझ्या सदऱ्याची कॉलर धरून तिने मला बाहेर खेचले आणि स्वयंपाकघराचे दार लावून घेतले. तिचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला होता. तो घाबरल्यामुळे नव्हे, मला वाचवताना भाजला. हे वाक्य मी लिफ्टमधल्या परिच्छेदाखाली पेनने लिहिले होते. दुसऱ्या दिवशी पाकीट बदललेले होते.

अग्निशमन दल आले. कढई विझलेली होती. कपाटे त्यांनी विझवली. आम्हाला खाली आणून बाकावर बसवले होते. तिच्या हातावर ओला पंचा होता. शेजारी सचिव उभे होते, भोवती इमारतीतली बरीच माणसे. दलाचा एक जवान कागद घेऊन आला. त्याने विचारले ते तिला नव्हे, मला नव्हे, दोघांना मिळून.

"तेल कोणी ठेवलं होतं?"

मी तोंड उघडले. शपथेवर सांगतो, उघडले.

"मी," ती म्हणाली. "ठेवलं आणि देवळात गेले. विसरूनच गेले."

"आणि पाणी?"

"परत आल्यावर मीच ओतलं. घाबरले."

जवानाने लिहून घेतले. मग त्याने माझ्याकडे पाहिले, कारण सचिवांनी त्याला माझी ओळख करून दिली होती: हे आमचे काका, कारखान्यात सेफ्टीचे प्रमुख होते, आमचे फायर ड्रिल हेच घेतात. जवानाने मला नमस्कार केला. "साहेब, तुमच्याच घरी," एवढेच तो म्हणाला आणि सहानुभूतीने हसला. मी नमस्कार परत केला.

मी काहीच बोललो नाही. बोलायला वेळ होता. जवान गाडीत बसेपर्यंत वेळ होता, आणि त्यानंतर चौदा महिने वेळ होता.

त्या चौदा महिन्यांबद्दल माझ्या मुलाचे म्हणणे असे आहे की "आईची आम्ही नीट काळजी घेतली." मुलगा बंगळूरला असतो. आगीनंतर दोन दिवसांत तो आला, नवे स्वयंपाकघर करून घेतले, पाइपच्या कॉकला कुलूप बसवले. किल्ली स्वयंपाकाला ठेवलेल्या बाईंकडे राहिली. त्याच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण काळजी घेतली, या विधानाला माझी हरकत आहे. तिचा ओटा तिच्याकडून काढून घेतला. त्याला दुसरे नाव असले पाहिजे.

मग तिला विस्मरणाच्या डॉक्टरांकडे नेले. मी बरोबर होतो. डॉक्टरांनी तिला तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले: आंबा, खुर्ची, नदी. घड्याळाचे चित्र काढायला लावले. उजव्या हाताला पट्टी होती म्हणून तिने ते डाव्या हाताने काढले. काटे नेमके अकरा वाजून दहा मिनिटांवर. तिन्ही शब्द तिने क्रमाने सांगितले. डॉक्टर म्हणाले, "उत्तम. मग त्या दिवशी काय झालं?" ती म्हणाली, "विसरले." डॉक्टरांनी काहीतरी लिहिले. माझ्या मुलाने भर घातली: मागे एकदा फोन करायला विसरली होती, एकदा चष्मा फ्रिजमध्ये ठेवला होता. त्या वेळी तिने एकदाच माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत आरोप नव्हता. मी गप्प बसतो आहे ना, एवढीच ती खात्री करून घेत होती.

स्वयंपाकाच्या बाई घणसोली गावातून येत. मनाने मोकळ्या आणि हाताने घाईच्या. पत्नी स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसे, ज्या जागी मी एकदा सूचना लिहायला बसलो होतो. तळण असले की ती हळूच सांगे, "झारा हातातच ठेवा हो." बाई म्हणत, "आजी, मी हाय ना. तुमी गप बसा, उगा टेन्शन नका घेऊ." त्यात अपमानाचा हेतू नव्हता. पण सत्तेचाळीस वर्षे ज्या बाईने आग सांभाळली, तिला आगीबद्दल गप्प बसायला सांगितले जात होते, आणि ती गप्प बसत होती.

याहूनही वाईट पुढे घडले. सगळे जग विसराळू म्हणते, तेव्हा माणूस स्वतःला तपासू लागतो. ती मला विचारू लागली, "दार लावलंय ना मी?" "गोळी घेतली ना हो मी?" घेतलेली असे. लावलेले असे. तरी उठून पाहून येई. पहिल्यांदा मी हसण्यावारी नेले. दहाव्यांदा मला ऐकवेना. तिने माझ्यासाठी एक खोटे बोलून ठेवले होते, आणि आता ते खोटे तिच्यातच घर करून बसले होते.

एका दुपारी मी तिला म्हणालो की आज मुलाला फोन करून सारे सांगणार आहे. ती पोळीचा घास मोडत होती. उजव्या हाताची बोटे तेव्हाही नीट मिटत नव्हती.

"कशाला?" ती म्हणाली. "मी विसरले म्हटलं तर लोक काय म्हणतात? म्हातारी झाली. आणि तुम्ही विसरलात म्हटलं तर? तुमची एकतीस वर्षं जातील."

"तुझा ओटा तुला परत मिळेल."

"ओटा काय," ती म्हणाली आणि घास तोंडात घातला. मग म्हणाली, "तुम्हाला कोणी हसलेलं मला नाही बघवायचं. एवढं ऐका माझं."

मी ऐकले. तिने सांगितलेली दुसरी कोणतीही गोष्ट मी इतक्या तत्परतेने ऐकली नव्हती.

पुढच्या वर्षी भाद्रपद-आश्विनात तिचे हृदय थकले. रुग्णालयात आठ दिवस होती. दिवसकार्य झाल्यावर मी मुलाला समोर बसवले आणि सारे सांगितले. त्याने ऐकले. त्याचे डोळे भरून आले. पण ते माझ्यासाठी. "बाबा," तो म्हणाला, "असं होतं. माणूस गेलं की आपणच काहीतरी केलं असं वाटत राहतं." त्यानेच मग मला त्या डॉक्टरीणबाईंकडे नेले. त्यांनी मला दर पंधरवड्याला यायला सांगितले आणि मनातले लिहून काढायचा सल्ला दिला. मी लिहीत आहे. मात्र त्यांच्या सल्ल्यावरून नव्हे. आता कॉकच्या कुलपाची किल्ली माझ्याकडेही देत नाहीत. काकांच्याही हल्ली लक्षात राहत नाही, अशी इमारतीत बोलवा आहे.

सचिवांचा युक्तिवाद एवढाच आहे: "आजींचं स्वतःचं स्टेटमेंट आहे, काका. आणि नाव तर आम्ही कुठे लिहिलंय?" पण इमारतीतल्या पोरासोरांना ठाऊक आहे ही भगिनी कोण. जी बाई आगीत हात घालून मला आणि या सातव्या मजल्याला वाचवून गेली, तिचे उदाहरण निष्काळजीपणाचा नमुना म्हणून लिफ्टमध्ये टांगले आहे. ते उतरवून घेतल्याशिवाय मी मरणार नाही, असे मी त्यांना सांगितले आहे. ते म्हणाले, "मग तर शंभर वर्षं राहू दे काका." विनोद बरा होता. मी हसलो नाही.

मुलाचा युक्तिवाद मात्र खरा अवघड आहे, आणि आजवर मी त्याला उत्तर दिलेले नाही. तो म्हणतो, "बाबा, तुम्ही आयुष्यात कधी गॅस पेटवला नाहीत. तुम्हाला कुरडई हवी होती, तर तुम्ही आईला म्हणाला असता. आणि आई तुम्हाला कधी नाही म्हणाली आहे का?"

उत्तर माझ्याजवळ पहिल्या दिवसापासून होते. दिले नाही, कारण त्यात विसरण्यापेक्षा वाईट असे काही होते. ते आता देतो.

होय, मी तिला म्हणालो होतो. त्या दिवशी सकाळी, ती देवळात जायला निघण्यापूर्वी. आणि ती नाही म्हणाली होती. वर्षातून एक दिवस ती मला नाही म्हणत असे. त्या दिवशी ती विळी मांडत नसे, सुरी हातात घेत नसे, तवा शेगडीवर ठेवत नसे, आणि कढई तर फडताळातून खालीसुद्धा काढत नसे. जेवण सगळे उकडलेले. लग्न होऊन आल्यापासून मी दर वर्षी तिची यावरून थट्टा करी, आणि दर वर्षी उकडलेले जेवून उठे. त्या वर्षी मला हट्ट सुचला. मी म्हणालो, "देवाला तुझ्या कढईचं काय कळतंय?" ती तबकात फुले ठेवत होती. म्हणाली, "देवाला नसेल कळत. मला कळतं." एवढे बोलून ती गेली. दार लागल्यावर मी उठलो. मला भूक नव्हती. ती परत येईल तेव्हा ताटात तळलेल्या कुरडया तिला दिसाव्यात, एवढ्याचसाठी मी ती कढई चढवली.

अग्निशमन दलाच्या कागदावर आगीची तारीख आहे. सचिवांनी तो कागद काढावा. मुलाने त्या वर्षीचे कॅलेंडर काढावे. मग माझ्या पाठीवर हात न ठेवता दोघांनी मला एवढेच सांगावे, की माझ्या घरातल्या दोघांपैकी त्या दिवशी कढईत तेल ओतू शकणारे माणूस कोणते.

त्या दिवशी नागपंचमी होती.